नाव अर्धं आठवतं तेव्हा : फझी फाइंडर आपल्या कामाला जुळवण्याविषयी

सिडनीतल्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठात जॉन लायन्स ऑपरेटिंग सिस्टिम हा विषय शिकवत. विद्यार्थ्यांनी खरीखुरी सिस्टिम वाचून शिकावं, असा त्यांचा आग्रह होता. म्हणून १९७६-७७च्या सुमारास त्यांनी युनिक्सच्या सहाव्या आवृत्तीचा सोर्स कोड एका पुस्तिकेत छापला आणि त्यावरचं भाष्य दुसऱ्या पुस्तिकेत लिहिलं. अख्खं कर्नेल दहा हजार ओळींच्या आत बसलं होतं. प्रत्येक ओळीला क्रमांक होता, मागे प्रोसिजरांची वर्णानुक्रमे यादी होती आणि कोणतं नाव कुठे कुठे वापरलंय याची सूचीही होती. ही पुस्तकं नंतर वर्षानुवर्षं फोटोकॉपीच्या रूपात जगभर फिरली. रीतसर प्रकाशित व्हायला त्यांना १९९६ साल उजाडावं लागलं. त्या विद्यार्थ्यांपुढे 'हवा तो कोड कुठे आहे?' हा प्रश्न आला, तर उत्तर पान उलटून मिळत होतं.

आज लिनक्स कर्नेलच्या रेपोमध्ये सत्तर हजारांहून जास्त फाइली आहेत. पण तेवढ्या मोठ्या प्रकल्पाचं उदाहरण घ्यायलाही नको. जावास्क्रिप्टचा एखादा बेताचा वेब प्रकल्प उतरवून घेतला आणि त्याची पॅकेजेस इन्स्टॉल केली, की एकाच आडवळणी फोल्डरात हजारो परक्या फाइली येऊन पडतात. प्रोग्रामरला त्यातल्या दहा-पंधराच हव्या असतात. त्यांची नावंही पूर्ण आठवत नाहीत. नावात 'पावती' होतं, कुठल्याशा 'लेखा' फोल्डरात होती, शेवटी 'मासिक' असं काहीतरी होतं, इतपतच आठवण असते.

फझी फाइंडर या अर्ध्या आठवणीवर चालतो. एडिटरमध्ये एक शॉर्टकट दाबला की छोटी चौकट उघडते. तिच्यात चार-सहा अक्षरं टाइप करेपर्यंत यादी आक्रसत जाते, वरची फाइल हवी तीच निघते आणि एंटर दाबला की ती उघडते. दिवसातून शेकडो वेळा होणारी ही कृती सहसा कुणाच्या लक्षातही येत नाही. ती नीट होत नाही तेव्हा मात्र कामाची लय तुटते आणि दोष प्लगिनच्या माथी मारला जातो. बहुतेक वेळा तो दोष जुळणीचा नसतोच. आपली फाइलींची यादी कशी बनते, नावं कशी आहेत आणि आपल्याला ती कशी आठवतात, हे त्या साधनाला कधी कुणी सांगितलेलं नसतं. फझी फाइंडरचं कस्टमायझेशन म्हणजे हे सांगणं. या पुस्तकाचा सगळा रोख तिकडे आहे.

सुरुवात 'फझी' म्हणजे नेमकं काय इथून करावी लागते, कारण या एका शब्दाखाली दोन वेगळ्या कल्पना नांदतात. पहिली चूक पोटात घालणारी. १९१८ साली अमेरिकेत पेटंट मिळालेली साउंडेक्स पद्धत सारख्या उच्चाराची आडनावं एकत्र आणत होती. १९६५ मध्ये व्लादिमिर लेव्हनश्टाइन यांनी एका शब्दाचा दुसरा करायला किती अक्षरं घालावी, काढावी किंवा बदलावी लागतात यावर दोन शब्दांतलं अंतर मोजलं. स्पेलिंग तपासनीस याच घराण्यातले.

दुसरी कल्पना संक्षेपाची. टाइप केलेली अक्षरं फाइलच्या मार्गात त्याच क्रमाने सापडली पाहिजेत, मध्ये कितीही अक्षरं गाळलेली असली तरी चालेल. 'लेपामा' असं टाइप केलं तर 'लेखा/पावती/मासिक_अहवाल' जुळतं, कारण ल, प, म आणि त्यांच्या मात्रा क्रमाने येतात. फाइल शोधणारी बहुतेक प्लगिनं मुळात या दुसऱ्या घराण्यातली आहेत. ती गाळलेलं अक्षर माफ करतात, चुकीचं अक्षर मात्र करत नाहीत. हा फरक कळला नाही तर माणूस 'फझी असूनही सापडत नाही' म्हणून वैतागतो.

जुळणाऱ्या फाइली पुष्कळ असतात, खरी कसोटी असते त्यांचा क्रम लावण्याची. इथे जीवशास्त्राची मदत झाली. दोन प्रथिनांच्या किंवा डीएनएच्या साखळ्यांमधले सारखे तुकडे शोधण्यासाठी टेंपल स्मिथ आणि मायकेल वॉटरमन यांनी १९८१ मध्ये एक पद्धत मांडली होती : जुळलं तर गुण, खंड पडला तर दंड, आणि सगळ्या शक्य जुळण्यांतली सर्वांत जास्त गुणांची निवडायची. टर्मिनलमधला लोकप्रिय फाइंडर एफझेडएफ याच पद्धतीची बदललेली आवृत्ती वापरतो. त्यात जुळलेल्या प्रत्येक अक्षराला १६ गुण मिळतात. मध्ये खंड पडला की ३ गुण जातात आणि तो खंड लांबेल तसा दर अक्षरामागे १. जुळलेलं अक्षर शब्दाच्या सुरुवातीला असेल तर निदान ८ गुणांचा बोनस, रोमन नावात मधेच कॅपिटल अक्षर आलं तर ७, सलग जुळत गेलं तर आणखी ४. पहिल्या अक्षराचा बोनस दुप्पट धरला जातो. हे आकडे कुणीतरी विचार करून बसवलेले आहेत. माणसं फाइलींची नावं कशी ठेवतात आणि कोणती अक्षरं आधी आठवतात, याबद्दलचं एक मत त्यांच्यात गोठलेलं आहे.

ते मत घडत गेलं त्याची गोष्ट २००० नंतरच्या दशकातली आहे. मॅकवर २००३ मध्ये निकोलस जिटकॉफ यांचं क्विकसिल्व्हर आलं. चार अक्षरं टाइप करून प्रोग्रॅम उघडायची सवय त्याने लावली. २००४ मध्ये डेन्मार्कच्या ॲलन ओडगार्ड यांचा टेक्स्टमेट एडिटर आला आणि त्यातल्या कमांड-टी शॉर्टकटवर फाइलकडे जाण्याची चौकट उघडू लागली. त्याच वर्षी रुबी ऑन रेल्स हे वेब फ्रेमवर्क जन्माला आलं. रेल्सच्या प्रकल्पात छोट्या छोट्या फाइली खूप, पण त्यांची नावं आणि जागा ठरलेल्या. मॉडेल इथे, कंट्रोलर तिथे, व्ह्यू पलीकडे. अशा साच्यात अक्षरं गाळून टाइप करणं भलतंच फायद्याचं ठरलं. टेक्स्टमेट आणि रेल्स हातात हात घालून वाढले, ते उगाच नाही.

मॅक नसलेल्यांना आणि विम एडिटर न सोडणाऱ्यांना हेवा वाटणं साहजिक होतं. २००७ मध्ये ताकेशी निशिदा यांचं फझीफाइंडर हे विमचं प्लगिन आलं. २०१० मध्ये ग्रेग हरेल यांनी टेक्स्टमेटच्या त्याच शॉर्टकटचं नाव घेऊन कमांड-टी काढलं. वेग हवा म्हणून गुण मोजण्याचं काम त्यांनी सी भाषेत लिहिलं. त्यामुळे ते चपळ झालं, पण रुबीसह बांधलेला विम आणि हाताशी कंपायलर या दोन्हींची गरज पडू लागली. पुढच्या वर्षी आलेल्या कंट्रोल-पी या प्लगिनने उलटी वाट धरली. ते निव्वळ विमच्या स्वतःच्या भाषेत लिहिलेलं होतं. वेगात मागे, पण कुठल्याही सर्व्हरवर कॉपी केलं की चालू. वेग की सुटसुटीतपणा, हा या क्षेत्रातला पहिला मोठा वाद.

याच सुमारास सिडनीतून या विषयाला वेगळं वळण मिळालं. पूर्वी गूगलमध्ये अभियंता असलेले जॉन स्किनर यांनी २००८च्या जानेवारीत सब्लाइम टेक्स्ट हा एडिटर बाजारात आणला. २०११ मध्ये चाचणी रूपात दिसू लागलेल्या दुसऱ्या आवृत्तीत 'गोटू एनिथिंग' होतं, शॉर्टकट कंट्रोल-पी. इथे फाइल शोधणं हे चौकटीचं एकमेव काम राहिलं नाही. फाइलच्या नावापुढे ॲटचं चिन्ह टाइप केलं की त्या फाइलमधल्या फंक्शनांची यादी, कोलन टाइप केला की थेट त्या क्रमांकाची ओळ, हॅश टाइप केला की फाइलच्या आतला शब्द. निवड बदलेल तशी फाइल पाठीमागे लगेच उघडून दिसायची, त्यामुळे एंटर दाबण्याआधीच खात्री व्हायची. त्याच आवृत्तीतल्या कमांड पॅलेटने हीच युक्ती मेनूतल्या आज्ञांना लावली. २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टचा व्हीएस कोड आला तेव्हा कंट्रोल-पी आणि कमांड पॅलेट ही जोडी त्यात होतीच. आज ती न वापरलेला तरुण प्रोग्रामर सापडणं अवघड.

सब्लाइम टेक्स्टचा कोड मात्र खुला नाही. त्याची जुळणी इतकी अचूक कशी, हे जाणून घ्यायचं तर बाहेरून निरीक्षण करणं भाग होतं. फॉरेस्ट स्मिथ यांनी २०१६ मध्ये ते केलं. कोणत्या अक्षराला किती गुण पडत असावेत याचा अंदाज बांधून त्यांनी स्वतःची छोटी लायब्ररी लिहिली आणि खुली केली. २०२० मध्ये विमच्या गाभ्यातच फझी जुळणीचं फंक्शन आलं, ते याच लायब्ररीवरून उतरवलेलं होतं. सिडनीतल्या एका बंद कोडाच्या प्रॉडक्टमधली चव अशी फिरत फिरत जगातल्या सर्वांत जुन्या खुल्या एडिटरांपैकी एकात जाऊन पोचली.

आजच्या फझी फाइंडरांची चार घराणी मानता येतात.

पहिलं अंगभूत घराणं : सब्लाइम टेक्स्ट, व्हीएस कोड, जेटब्रेन्सचे एडिटर. यांत शोध एडिटरबरोबरच येतो. बदलायला जागा थोडी, पण जेवढी आहे तेवढी बहुतेकांना पुरते. दुसरं प्लगिनचं घराणं, कमांड-टी आणि कंट्रोल-पी यांचं. शोध एडिटरच्या आत राहतो आणि त्याची प्रत्येक कळ वापरणाऱ्याच्या सेटिंग फाइलमध्ये असते. कमांड-टी अजूनही बदलतंय. २०२२ मध्ये ते निओविम या विमच्या शाखेसाठी लुआ आणि सी भाषेत नव्याने लिहिलं गेलं.

तिसरं घराणं गाळणीचं. दक्षिण कोरियाचे जुनगुन चोय यांनी २०१३ मध्ये एफझेडएफ लिहिलं, आधी रुबीत आणि २०१५ मध्ये गो भाषेत. त्याला फाइल म्हणजे काय हे ठाऊकच नाही. एका बाजूने ओळी आत येतात, माणूस निवडतो, निवडलेली ओळ दुसऱ्या बाजूने बाहेर पडते. त्या ओळी फाइलींच्या असोत, गिटच्या ब्रँचच्या असोत की टर्मिनलमध्ये आधी दिलेल्या आज्ञांच्या. हा अस्सल युनिक्सचा बाणा. त्यामुळेच ते एडिटरच्या आतही चालतं आणि बाहेरही, आणि एकदा बोटांत बसलेली सवय सगळीकडे कामी येते.

चौथं घराणं सुटे भाग देणारं. निओविमसाठी टी. जे. डीव्हरीज यांनी २०२० मध्ये सुरू केलेल्या टेलिस्कोपमध्ये यादी आणणारा भाग, क्रम लावणारा भाग आणि पूर्वदर्शन दाखवणारा भाग वेगवेगळे आहेत. त्यांतला कोणताही काढून दुसरा बसवता येतो. ईमॅक्स एडिटरच्या जगात हा विचार त्याआधीच मुरलेला होता. इडो, हेल्म, आयव्ही, व्हर्टिको अशी पिढ्यांची रांग तिथे आहे. त्यातलं ऑर्डरलेस हे पॅकेज तर क्रमाची अटच काढून टाकतं. शब्दांचे तुकडे मध्ये जागा सोडून कोणत्याही क्रमाने टाइप करा, जुळतात.

घराणं कोणतंही असो, कस्टमायझेशनचे थर तीनच : यादी, जुळणी आणि निवडीनंतरची कृती. या क्रमानेच ते तपासायला हवेत. बहुतेक माणसं दुसऱ्या थरापासून सुरुवात करतात आणि तिथेच अडकतात.

यादीचा थर सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत जास्त फळ देणारा. जी फाइल यादीतच नाही ती कितीही हुशार जुळणीला सापडणार नाही. नको त्या वीस हजार फाइली यादीत असतील तर हवी ती वर येणार नाही. कंट्रोल-पी आणि कमांड-टी या दोघांनाही फाइलींच्या संख्येची कमाल मर्यादा असते. प्रकल्प तिच्याबाहेर गेला की काही फाइली निमूटपणे गळतात. अशा वेळी मर्यादा वाढवण्याआधी पॅकेजेसचं आणि बिल्डचं फोल्डर वगळणं हा खरा इलाज. सब्लाइम टेक्स्टमध्ये वगळण्याचे दोन प्रकार आहेत. एका सेटिंगमुळे फाइल साइडबारमधूनही नाहीशी होते, तर बायनरी फाइलींसाठी असलेल्या दुसऱ्या सेटिंगमुळे ती साइडबारमध्ये दिसत राहते आणि फक्त गोटू एनिथिंगमधून आणि फाइलींमधल्या शोधातून बाहेर पडते. छायाचित्रं आणि फाँट यांच्यासाठी दुसरा प्रकार सोयीचा, हे पुष्कळांना वर्षानुवर्षं माहीत नसतं.

कंट्रोल-पीमधला एक सापळा तर हमखास पाय अडकवणारा. वगळायच्या फोल्डरांचं सेटिंग वापरणाऱ्याने नीट लिहिलेलं असतं. मग वेग हवा म्हणून तो यादी आणण्याचं काम बाहेरच्या कमांडकडे सोपवतो, आणि वगळलेली सगळी फोल्डरं परत हजर होतात. कारण ते सेटिंग प्लगिन स्वतः फाइली शोधत असेल तेव्हाच लागू होतं. बाहेरची कमांड दिली की वगळण्याची जबाबदारी त्या कमांडची. उपाय सोपा आहे : बाहेरची कमांड म्हणून अँड्र्यू गॅलंट यांचं रिपग्रेप वापरावं. ते गिटची दुर्लक्ष-यादी आपणहून पाळतं, म्हणजे काय वगळायचं हे प्रकल्पात एकदाच लिहिलं की ती यादी पाळणाऱ्या प्रत्येक साधनाला पुरतं.

दुसरा थर जुळणीचा. इथे विचारायचा प्रश्न असा की आपल्याला फाइल आठवते ती शेवटच्या नावाने की फोल्डराने. नावाने आठवत असेल तर फक्त नावात शोधणारा पर्याय किंवा नावाला झुकतं माप देणारा क्रम निवडावा. एफझेडएफमध्ये फाइलींच्या मार्गांसाठी आणि आज्ञांच्या इतिहासासाठी क्रमाचे वेगळे साचे आहेत. शिवाय अवतरणचिन्हाने सुरू केलेला तुकडा अक्षरशः जुळवला जातो आणि उद्गारचिन्हाने सुरू केलेला तुकडा असलेल्या फाइली वगळल्या जातात. चाचण्यांच्या फाइली सतत वर येत असतील तर शेवटी उद्गारचिन्ह आणि 'टेस्ट' एवढं टाइप करणं पुरतं, सेटिंग बदलायचीही गरज नाही. कस्टमायझेशनमध्ये काय बदलू नये, तेही शिकावं लागतं.

तिसरा थर कृतीचा : निवडलेली फाइल त्याच खिडकीत उघडायची, शेजारी उघडायची, की नव्या टॅबमध्ये, पूर्वदर्शन दाखवायचं की नाही. हा थर आवडीनिवडीचा दिसतो, पण त्यात गंभीर बाबी आहेत. उदाहरणार्थ, सिडनीतला प्रोग्रामर पुण्यातल्या सहकाऱ्यांशी स्क्रीन शेअर करून बोलत असतो. दोन्ही शहरांत साडेचार तासांचं अंतर, उन्हाळी वेळ लागली की साडेपाच तासांचं. त्यामुळे एकत्र मिळणारा वेळ आधीच तोकडा, आणि त्यात बरीच कामं अशा बैठकांमध्येच उरकली जातात. लपलेल्या फाइली यादीत घेतल्या असतील आणि पूर्वदर्शन चालू असेल, तर पासवर्ड ठेवलेली फाइल नुसत्या खाली-वर जाण्यातही सगळ्यांसमोर उघडी पडते. कमांड-टी बिंदूने सुरू होणाऱ्या फाइली मुळात दाखवत नाही, त्या हव्या असतील तर शोधात बिंदूही टाइप करावा लागतो. असं मूळ सेटिंग बदलण्याआधी ते तसं का ठेवलं असेल, याचा विचार करावा.

आता मराठी वाचकाच्या अगदी जवळचा मुद्दा. पॅरामॅटा, मेलबर्न, पुणे, नाशिक, कुठेही मराठी माणसाच्या संगणकात तीन प्रकारची नावं असतात : इंग्रजी, रोमन लिपीतली मराठी आणि देवनागरी. रोमन मराठीत स्पेलिंगचा भरवसा नसतो. 'गणपती'मध्ये णनंतर कुणी ए घालतं, कुणी घालत नाही. संक्षेपाच्या जुळणीला याची अडचण होत नाही. जी, एन, पी, टी एवढी व्यंजनं टाइप केली की दोन्ही सापडतात. 'पावती'चं मात्र तसं नाही. व लिहिताना कुणी व्ही वापरतं, कुणी डब्ल्यू. हे अक्षर गाळलेलं नसून बदललेलं असतं, म्हणून जुळणी फसते. यावर सेटिंग नाही. शोधताना ते अक्षर टाइपच न करणं किंवा टीममध्ये एकच स्पेलिंग ठरवणं, एवढेच मार्ग.

देवनागरीचं दुखणं आणखी खोल आहे. युनिकोडमध्ये 'पावती' हे पाच घटकांचं नाव : प, काना, व, त, दुसरी वेलांटी. युनिकोडच्या वर्गवारीत काना, मात्रा, वेलांटी आणि हलन्त ही 'अक्षरं' नाहीत, जोडचिन्हं आहेत. गो भाषाही तीच वर्गवारी पाळते, आणि एफझेडएफ गोमध्ये लिहिलेलं आहे. परिणाम असा की मात्रेला ते शब्दाबाहेरचं चिन्ह समजतं आणि मात्रेनंतरच्या व्यंजनाला नव्या शब्दाची सुरुवात मानून बोनस देतं. 'मासिक_अहवाल'मधल्या 'अ'ला बोनस मिळायलाच हवा, तो नव्या शब्दाचा आरंभ आहे. पण 'मासिक'मधल्या 'सि' आणि 'क' यांनाही तसाच बोनस पडतो. फाइल सापडते, पण क्रम कधी कधी अनाकलनीय लागतो. ज्यांनी ते आकडे बसवले त्यांच्यासमोर रोमन नावं होती. त्यात त्यांचा दोष नाही, पण मराठी वाचकाने हे जाणून असावं.

दुसरं उदाहरण 'दुसऱ्या' या शब्दातल्या 'ऱ'चं. युनिकोडमध्ये तो एकसंध घटक म्हणून लिहिता येतो, किंवा र आणि नुक्ता असा दोन घटकांनीही. दिसायला दोन्ही सारखे. मॅकची जुनी एचएफएस प्लस फाइल-पद्धत नावं साठवताना अशी एकसंध अक्षरं फोडून ठेवत असे. कीबोर्डवरून एकसंध 'ऱ' टाइप करणाऱ्याला तिथली फाइल डोळ्यांसमोर असूनही फझी फाइंडरमध्ये सापडत नसे. ॲपलने २०१७ मध्ये आणलेली एपीएफएस पद्धत नाव दिलं तसंच जपते, पण जुन्या डिस्कवरून आलेल्या फाइली अजून आहेत. अशा वेळी 'दुस' एवढंच टाइप करून थांबावं, आणि प्रकल्प स्वतःचा असेल तर सगळी नावं एकदाच एका रूपात आणून घ्यावीत.

आता हे सगळं शिकून काय मिळणार, अशी शंका रास्त आहे. एडिटरमध्ये एआय सहायक बसले आहेत, ते स्वतःच फाइली शोधतात आणि बदलतातही. पण त्यांनी बदललेल्या फाइली वाचण्याचं काम माणसाकडेच राहिलं आहे, आणि आता त्या फाइली त्याच्या स्वतःच्या हातच्या नाहीत. स्वतः लिहिलेल्या फाइलचं नाव आठवतं, दुसऱ्याने लिहिलेल्याचं फक्त अंधुक ध्यानात राहतं. अंधुक आठवणीवर चालणाऱ्या साधनाची गरज त्यामुळे वाढलीच आहे. ज्यांना मनगटाच्या दुखण्यामुळे माउस टाळावा लागतो त्यांच्यासाठी तर ती रोजची निकड आहे. स्क्रीन रीडर वापरणाऱ्यांसाठी पूर्वदर्शन बंद ठेवून यादी लहान करणं, हा एकच बदल काम सुसह्य करू शकतो.

मराठीत या विषयावर सलग लेखन नाही. जे शिकलं जातं ते सहकाऱ्याची सेटिंग फाइल उतरवून. त्यातली प्रत्येक ओळ कुणाच्या तरी कामासाठी बरोबर असते, पण तिचं कारण बरोबर येत नाही. हे पुस्तक त्या कारणांपासून सुरू होतं. कोणतं प्लगिन सर्वांत चांगलं हे ते ठरवत नाही, तयार सेटिंगांचा संग्रहही देत नाही. प्लगिनं येतात, सांभाळणारे थकतात, प्रकल्प दुसऱ्यांच्या हाती जातात. कंट्रोल-पीच्या मूळ लेखकाने हात आखडता घेतल्यावर वापरणाऱ्यांनीच ते पुढे चालवलं. यादी, जुळणी, कृती हे तीन थर मात्र प्रत्येक साधनात सापडतात. ते ओळखता आले की नवं साधन हाती आल्यावर कुठे पाहायचं हे कळतं.

म्हणून प्रत्येक भागात आधी एक तक्रार येते, मग ती कोणत्या थरातली आहे याची तपासणी, आणि शेवटी निरनिराळ्या घराण्यांतले उपाय. टर्मिनलची ओळख नसलेल्या वाचकाने सब्लाइम टेक्स्ट आणि व्हीएस कोडची प्रकरणं आधी वाचावीत. तीन थर तिथे सर्वांत स्वच्छ दिसतात. विम किंवा निओविममध्ये मुरलेल्यांनी यादीच्या भागापासून सुरुवात करावी, आपल्याला हे माहीत आहे असं वाटलं तरी. सेटिंग फाइल गिटमध्ये ठेवावी, एका वेळी एकच बदल करावा, आणि प्रत्येक बदलाशेजारी कारणाची एक ओळ मराठीत लिहावी.

देवनागरीचा भाग पुस्तकात शेवटी आहे आणि तो मुद्दाम अपुरा ठेवलेला आहे. मात्रेनंतरचा चुकीचा बोनस वापरणाऱ्याच्या सेटिंगने जाणारा नाही, तो कोडमध्ये दुरुस्त करावा लागेल. एफझेडएफ एमआयटी परवान्याखाली खुलं आहे आणि अक्षरांची वर्गवारी ठरवणारं फंक्शन छोटं आहे. जोडचिन्हांना आधीच्या अक्षराचाच वर्ग द्यावा, हा एक शक्य उपाय पुस्तकाच्या त्या भागात मांडला आहे. त्याच्या जोडीला वाचकांनी स्वतः चालवून पाहावीत अशी मराठी फाइल-नावांची यादी आहे आणि प्रत्येक शोधाला कोणती फाइल वर यायला हवी तेही लिहिलं आहे. ज्याला गो भाषा येते त्याने तो बदल करून ही यादी चाचणी म्हणून जोडावी. ज्याला येत नाही त्याने आपल्या संगणकातली अशी नावं यादीत भर म्हणून लिहावीत, ज्यांचा क्रम आज चुकतो.